इन्सुलिन सुरू केल्याने वडिलांचा विसरभोळेपणा वाढेल का?

वडील ७४ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे, हल्ली तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात आणि डॉक्टरांनी आता इन्सुलिन सुचवले आहे, तर त्याने स्मरणशक्ती आणखी जाईल का, असे आपण विचारले आहे. इन्सुलिनने स्मरणशक्ती जात नाही. साखर वारंवार फार खाली गेली तर मात्र धोका असतो, आणि ती खाली नेण्याची ताकद इन्सुलिनमध्ये आणि काही गोळ्यांमध्येही असते. हा फरक आमच्या घरात वेळेवर कळला नाही, म्हणून लिहिते आहे.

आईची साखर सांभाळण्याचे काम दादाने अंगावर घेतले होते. त्यासाठी त्याने एक वही केली होती. उपाशीपोटीची साखर १००च्या आत आली की हिरवी शाई, वर गेली की लाल, आणि लाल आकडा आला की त्या दिवशी आईच्या ताटातला भात बंद. आई तेव्हा ७६ वर्षांची होती. सकाळी इन्सुलिन आणि सोबत ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्यांपैकीच एक, घेत असे. कार्तिकी एकादशीला तिने दोन्ही नेहमीच्या वेळी घेतले, पण फराळ मात्र पूजेनंतर करायचा म्हणून राहू दिला. अकराच्या सुमारास मी देवघरात गेले, तेव्हा ती वाती वळत बसली होती. बोटे सवयीने फिरत होती, पण बोटांत कापूस नव्हता. मी हाक मारली, तर माझ्याकडे पाहून म्हणाली, "बसा, आमची माणसे येतीलच इतक्यात." कपाळ घामाने निथळत होते. ग्लुकोमीटरवर ४३ आले. साखरेचे पाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तिने मला ओळखले, आणि दादाने तो ४३चा आकडा वहीत हिरव्या शाईने लिहिला.

त्याआधी कितीतरी महिने ती पहाटे दचकून उठे, असंबद्ध बोले, आणि आम्ही सगळे 'वय झाले' म्हणून सोडून देत होतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो वापरतो आणि स्वतःजवळ साठा जवळजवळ ठेवत नाही. त्यामुळे रक्तातील साखर घसरली की पहिला फटका त्यालाच बसतो. कॅलिफोर्नियातील वयस्क मधुमेहींच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर घसरून रुग्णालयात जावे लागलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या १९९९च्या अभ्यासात इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश अधिक दिसला होता, आणि बहुधा अशाच आकड्यांवरून आपल्यासारख्यांना भीती वाटते. पण इन्सुलिनपर्यंत पोहोचलेला रुग्ण बहुतेक वेळा सर्वांत जुना आणि सर्वांत बिघडलेला मधुमेही असतो, हे विसरू नये. उलट मेंदूतील स्मरणाच्या भागाला इन्सुलिनचा संदेश लागतोच, आणि तो नीट पोहोचेनासा होणे हे अल्झायमरमधील एक दुखणे मानले जाते. त्यावरून २००५ साली 'टाइप थ्री डायबिटीस' हे नाव निघाले. माझ्या मते ते नाव व्हॉट्सॲपवर फिरवण्यापुरतेच ठीक आहे, कारण ते अधिकृत निदान नाही.

साखर जितकी कमी तितकी बुद्धी शाबूत, हा दादाचा सिद्धांतही टिकत नाही. अमेरिकेतील 'ॲकॉर्ड' चाचणीत एका गटात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६च्या खाली आणण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या गटात मृत्यू वाढले म्हणून २००८ साली तो उपचार थांबवावा लागला. स्मरणशक्तीलाही त्याचा फायदा झाल्याचे दिसले नाही. विसरू लागलेल्या वृद्धांसाठी तज्ज्ञ आता साधारण ८च्या आतबाहेर समाधान मानतात. वडिलांसाठी कोणता आकडा धरला आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते बरीच वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण त्याच्या कमतरतेनेही माणूस विसरू लागतो.

अर्थात हे वाचून कोणीही इन्सुलिन परस्पर बंद करू नये. सतत चढलेली साखर मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब करतेच. सुई मात्र वडिलांच्या हाती सोडू नका, कारण विसरणारा माणूस ती दोनदा घेतो. आणि ताट समोर आल्याखेरीज जेवणाआधीची सुई नको.

आईला पुढे स्मृतिभ्रंश झाला, आणि तो व्हायचाच होता, असे दादा अजून म्हणतो. तसे असेलही, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण ७०च्या खालच्या आकड्यालाही लाल शाई लावायला हवी होती, हे त्याने आजवर कबूल केलेले नाही.