शहरातलं सगळ्यात चांगलं ब्रेकफास्ट सँडविच शोधायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नव्या शहरात येऊन तीन महिने झाले, रेटिंग बघून आठ-नऊ ठिकाणी सकाळी सँडविच खाल्लं, पण पुन्हा जावंसं एकाही ठिकाणी वाटलं नाही. हा शोध मी जवळजवळ वर्षभर मनापासून केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला मी प्रत्येक ठिकाणी तिथलं ‘स्पेशल’ मागवायचो. एकीकडे सॉसेज, दुसरीकडे मशरूम, तिसरीकडे तीन प्रकारचे सॉस. महिन्याभराने लक्षात आलं की अशी तुलनाच होऊ शकत नाही. सॉस जोरदार असला की शिळा पाव आणि रबरासारखं अंडं दोन्ही त्याखाली लपून जातात. तेव्हापासून मी सगळीकडे एकच मागवतो: एक अंडं, एक चीज, भाजलेला पाव, वरून काही नको. ज्याला हे साधं जमतं त्याचं बाकीचंही सहसा चांगलंच निघतं.

आता अंड्याबद्दल, कारण माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सियसला धरायला लागतो, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान घट्ट होतो, आणि ८० च्या पुढे गेलं की पांढरा भाग वातड होतो. म्हणजे चांगलं आणि वाईट यांत तव्यावरचा अर्धा-एक मिनिटच असतो. अंडी आधीच करून गरम ट्रेमध्ये ठेवली की ती आतल्या आत शिजतच राहतात. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन कधी कधी बलकाभोवती हिरवट कडा धरते, आणि तो ओळखीचा उग्र वास येतो. एका ठिकाणी भलीमोठी रांग आणि भिंतीभर कौतुकाची पत्रं बघून मी पंचवीस मिनिटं उभा राहिलो होतो. माझी पाळी आल्यावर काउंटरमागच्या माणसाने झाकण उचललं आणि थरावर थर रचलेल्या अंड्यांतलं एक चिमट्याने काढलं. त्या दिवशी फार वाईट वाटलं. हल्ली मी पैसे देण्याआधी थोडा वेळ बाजूला उभा राहतो आणि अंडं फोडल्याचा आवाज येतो का ते ऐकतो. ऑर्डर दिल्यावर अंडं फुटत असेल, तरच थांबायचं.

पावाचंही तसंच. पाव शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो असं नाही. त्यातला स्टार्च पुन्हा कडक रचना धरायला लागतो आणि फ्रिजच्या थंडाव्यात हे फार लवकर होतं. गरम केल्यावर तो बऱ्याच अंशी पुन्हा मऊ होतो, म्हणून कालचा पाव वापरणाऱ्यावर माझा राग नाही, न भाजता देणाऱ्यावर आहे. सँडविच हातात आलं की वरचा भाग किंचित उचलून आतली बाजू बघा. बटर लावून तव्यावर उपडा भाजलेला पाव कडेपर्यंत सारखा तांबूस दिसतो. तो रंग यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि वरचं पाणी उडून गेल्याशिवाय तो १०० च्या पुढे जातच नाही. त्यामुळे फिकट, ओलसर पाव दिसला की समजायचं, तवा पुरेसा तापला नव्हता किंवा घाई झाली. नीट भाजलेला, बटर लावलेला भाग अंड्याचा ओलावा लगेच शोषतही नाही.

आणि पाव फार कडक कवचाचा नको. दिसायला तो सुंदर असतो, पण चावताना जोर लावावा लागला की अंडं मागच्या बाजूने बाहेर येतं. एका घासात पाव, अंडं, चीज तिन्ही एकदम तुटले पाहिजेत.

चीजबद्दल थोडक्यात. पुष्कळ मुरलेलं चीज तापलं की त्यातलं तेल सुटतं; साधं प्रोसेस्ड चीज त्यातल्या इमल्सिफायर क्षारांमुळे (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या) एकजीव वितळतं. या सँडविचमध्ये मला हे प्रोसेस्ड चीजच आवडतं, पण ते अंडं तव्यावर असतानाच त्यावर ठेवलेलं हवं. शेवटी वरून ठेवलेला थंड चौकोन तसाच राहतो.

पार्सल मात्र घेऊ नका, निदान परीक्षेच्या दिवशी तरी. कागदात मिनिटभर गुंडाळलेलं सँडविच वाफेने छान मुरतं, दहा मिनिटांत त्याच वाफेचं पाणी होऊन पावाचा लगदा होतो. तुम्ही खाल्लेल्या आठ-नऊमधली किती ऑफिसला नेऊन खाल्लीत, हे एकदा आठवून बघा. त्यातलं एखादं कदाचित चांगलं असेल.

वेळ गर्दीचीच निवडा. तेव्हा तवा तापलेला असतो, पाव-अंडी पटापट संपतात, काही पडून राहत नाही. रेटिंगचे तारे मी बघत नाही. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मधोमध कापलेलं सँडविच शोधतो. बलकाचा रंग, चीज कुठवर वितळलंय, पावाची आतली बाजू, सगळं त्या एका फोटोत दिसतं. आणि भल्या पहाटे कामावर जाणाऱ्यांना विचारा: बसचालक, पेपर टाकणारे, रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्स. ही माणसं उपाशीपोटी रोज तिथे जातात, त्यांचा शब्द मला आजवर क्वचितच चुकीचा निघालाय.

असं करत तुमच्याकडे दोन-तीन नावं उरतील. त्या प्रत्येक ठिकाणी आणखी एकदा जा, पण तव्यावर वेगळा माणूस असेल अशा दिवशी. माझं शेवटचं ठिकाण असंच ठरलं: मंगळवारी एका वयस्कर बाईंनी केलं होतं, शनिवारी एका तरुण मुलाने, आणि दोन्ही दिवशी बलक तेवढाच ओघळला.