स्कॉटलंडमधल्या डनमोर इस्टेटीत दगडी अननस का बांधला आहे?

तो नुसता हौसेचा मनोरा नव्हता. चौथे अर्ल ऑफ डनमोर, जॉन मरे यांच्या उंच भिंतींनी वेढलेल्या बागेतील ही इमारत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या काचगृहांत थंड हवामानात अननस पिकवले जात. दक्षिण दाराच्या कमानीच्या मधल्या दगडावर १७६१ हे साल कोरलेले आहे. अननसाचा घुमट मात्र अर्ल व्हर्जिनिया या अमेरिकेतील तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नरपदावरून परतल्यानंतर वर चढवला गेला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात.

माझ्या मते खरे कौशल्य दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे भिंती पोकळ ठेवून त्यांतून भट्टीची गरम हवा खेळवली जाई आणि धुराडी ग्रीक घाटाच्या दगडी कलशांमध्ये लपवली होती. दुसरी म्हणजे प्रत्येक दगडी पानावरचे पाणी वेगळे निथळून जाईल अशी रचना केली आहे, कारण साचलेले पाणी गोठले की दगड तडकतो. काचगृहे केव्हाच गेली, पण अननस जवळजवळ अभंग राहिला. आता ही वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या मालकीची असून जुन्या वास्तू जपणाऱ्या लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने दुरुस्ती केल्यापासून तेथे सुट्टीसाठी मुक्कामही करता येतो.