घरबसल्या मसाल्यांची ऑनलाइन विक्री सुरू केली, तर घरचीच मेहनत असल्यामुळे सगळा नफाच राहील ना?

आपण लिहिले आहे की आपण गृहिणी आहात, हाताशी २५ हजार रुपये आहेत, मसाले आणि लोणची चांगली करता. ऑनलाइन विक्रीसाठी अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टवर जावे की व्हॉट्सअ‍ॅपवरच विकावे, आणि मेहनत घरचीच असल्यामुळे सगळा नफाच राहील ना, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर पुढे देते. दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते देण्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

मी गडहिंग्लज तालुक्यातली. कांदा-लसूण मसाला करून विकते. संकेश्वरी जवारी मिरचीचे सौदे आमच्याच बाजार समितीत निघतात, त्यामुळे माल पारखून घेण्याची सोय दाराशी आहे. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी आणि चवीसाठी थोडी संकेश्वरी, असे माझे प्रमाण आहे. संकेश्वरी जास्त घालावी असे वाटते, पण तिचा भाव कधी कधी ब्याडगीच्या दुपटीवर जातो. मिरचीला ऊन द्यायचे, देठ खुडायचे, धने, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर हे सगळे वेगवेगळे भाजायचे, खोबरे आणि कांदा तळायचा, आणि मग कांडपावर रांगेत उभे राहायचे. हे आपल्याला ठाऊक आहेच. मला सांगायचे आहे ते हिशेबाबद्दल.

व्यवसाय सुरू झाला तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी, जे पुण्याला एका कंपनीत आहेत, मोठ्या हौसेने एक्सेलमध्ये तक्ता करून दिला. मिरची, मसाल्याचे जिन्नस, तेल, कांडप आणि पाउच मिळून किलोला ४४५ रुपये, विक्री ६०० रुपये, म्हणजे किलोमागे १५५ रुपये नफा. “वहिनी, जवळजवळ पस्तीस टक्के सुटतात, आम्हाला बँक सात टक्के देते,” असे म्हणून त्यांनी तो तक्ता घरच्या ग्रुपवरही टाकला. त्यात मजुरीचा रकानाच नव्हता. मी विचारले, तर म्हणाले, “घरच्या बाईला कसली हजेरी?” सासूबाईंनीही मान डोलावली, त्यांनी जन्मभर तेच केले होते. हे काहीच बोलले नाहीत, आणि तेही मी ध्यानात ठेवले आहे.

तो वाद तोंडाने मिटला नसता. तो उन्हाळ्यात आलेल्या एका ऑर्डरने मिटवला. पुण्यातल्या एका सोसायटीने मिळून ४० किलो मसाला मागवला आणि नेमके त्याच वेळी आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मला माहेरी जावे लागले. ऑर्डर सोडायची नव्हती, म्हणून गल्लीतल्या दोन बायकांना देठ खुडण्यासाठी आणि वाळवणासाठी हजेरीवर लावले, भाजण्या-तळण्यासाठी लग्नाच्या स्वयंपाकाला जाणाऱ्या एका बाईंना सांगितले आणि भरणे, सील करणे, खोकी बांधणे यासाठी आणखी एकीला बोलावले. जे मी एकटी करत होते, तेच काम, तेवढेच आणि त्याच प्रमाणात, त्या चौघींनी केले. माल उत्तम झाला. परत आल्यावर हजेरी चुकती केली ती ५,५०० रुपये. भाऊजींच्या तक्त्याप्रमाणे ४० किलोंचा नफा होता ६,२०० रुपये. उरले ७००. घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही, त्यामुळे व्यावसायिक सिलिंडरचा खर्च धरल्यावर तेही उरले नाहीत.

म्हणजे तोवर ज्याला सगळे घर ‘नफा’ म्हणत होते, ती माझी हजेरी होती. धंद्याने एक पैसा कमावलेला नव्हता. मी मजुरी करत होते आणि ती मजुरी घरखर्चात मुरत होती. मी तोच तक्ता मजुरी आणि गॅस असे दोन रकाने वाढवून त्याच ग्रुपवर टाकला. भाऊजींचे उत्तर आले की बाहेरच्या बायका लावल्या तर असेच होणार, घरच्या माणसाने केले तर वाचते. हे वाक्य मला अजून पटत नाही. ते स्वतः २०२० पासून बरेचसे काम घरूनच करतात, आणि घरच्या खुर्चीत बसून काम केले म्हणून त्यांच्या कंपनीने त्यांचा पगार शून्य धरलेला नाही.

मी भाव ६०० वरून ७२० केला. किलोमागे १०० रुपये मजुरी धरते आणि महिन्याच्या शेवटी ती रक्कम व्यवसायाच्या खात्यातून माझ्या नावाच्या वेगळ्या खात्यात वळती करते. काही गिऱ्हाईक तुटले, आणि ज्यांना बाजारातला स्वस्त मसाला चालतो ते तुटणारच होते. उरलेल्यांमध्ये वर्षाचा मसाला एकदम घेणारी घरे जास्त आहेत, आणि त्यांना भावापेक्षा गेल्या वर्षीचीच चव यंदाही मिळते की नाही याची काळजी असते. भाऊजी लग्नाकार्यात भेटले की अजूनही चारचौघांत म्हणतात की वहिनींनी मसाला महाग केला. महाग केला नाही, आधी फुकट चालला होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळते. २५ हजारांत सुरुवात होते, पण ते सगळे कच्च्या मालात घालू नका. माझ्या मते पहिले वर्ष व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरच विकावे, पैसे यूपीआयने आधी घ्यावेत आणि ‘माल मिळाल्यावर पैसे’ हा प्रकार मुळीच ठेवू नये, कारण पार्सल परत आले तर जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही भाडे आपल्याच डोक्यावर बसते आणि खाण्याचा माल पुन्हा विकताही येत नाही. मोठ्या संकेतस्थळांवर कमिशन आणि पाठवणुकीचा खर्च वजा होऊन पैसे हाती येतात. ओळख नसलेल्या मसाल्याला तिथे भावाची स्पर्धा करावी लागते आणि ती हाताने केलेल्या मालाला झेपत नाही.

कुरिअरचे वजन काट्यावरच ठरते असे नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५,००० ने भागतात, आणि तो आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडे लावतात. एक किलो मसाल्यासाठी मी किराणा दुकानातून मिळालेले ३० × २० × १५ चे खोके वापरत होते. त्याचे आकारमानाचे वजन १.८ किलो होते आणि भाडे दोन किलोंचे पडत होते. २० × १५ × १२ चे खोके घेतल्यावर आत रिकामी जागा उरली नाही, आणि खोक्यासकट प्रत्यक्ष वजन किलोच्या थोडे वर असल्यामुळे भाडे पुढच्या टप्प्याचे, म्हणजे दीड किलोचे पडू लागले. पाउच सील करताना तोंडाशी मसाल्याची बारीक पूड राहिली तर सील धरत नाही आणि वाटेत तेल पाझरून खोक्यावर डाग पडतो. म्हणून रुंद नरसाळ्याने भरावे, तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसावे आणि एकाखाली एक असे दोनदा सील करावे. लोणच्याच्या काचेच्या बरण्या कुरिअरने पाठवण्याच्या फंदात सुरुवातीला पडूच नका.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. खाद्यपदार्थ घरी करून विकले तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. मी २०२१ मध्ये केली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्जाआधी त्यांच्याच संकेतस्थळावर पाहून घ्यावे. तो १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि आपला पत्ता हे तरी लेबलवर हवेच. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते; तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी ४० लाखांची आहे, म्हणून आपल्याला तो लागू नाही असे बरेच जण सांगतील. ते राज्यातल्या विक्रीपुरते खरे आहे. मसाला परराज्यात पाठवायचा झाला तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. गडहिंग्लजहून कर्नाटकातली संकेश्वर आणि निपाणी हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे आमची निम्मी सोयरीक आहे आणि कोल्हापूर त्याहून लांब पडते. पण कोल्हापूरला पाठवलेले पार्सल राज्यातले आणि निपाणीला पाठवलेले परराज्यातले. मोठ्या संकेतस्थळांवरून विकायचे असेल तरी पूर्वी उलाढाल न पाहता नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या विक्रेत्यांना आपल्याच राज्यात विकण्यापुरती सूट मिळाली आहे.

हे सगळे मसाल्याच्या अनुभवावरून लिहिले आहे. शिकवणी किंवा शिलाईसारख्या कामात खर्चाचे गणित निराळे असेल, आणि आपल्या घरी पगाराचा आधार नसेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण मजुरी धरणे भावात बसेलच असे नाही. तशा वेळी भाव वाटल्यास कमी ठेवा, पण वहीत मजुरीचा रकाना आखा आणि धंद्याकडून आपले किती येणे बाकी आहे, ते त्यात दर खेपेला लिहीत जा. ती वही घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवा, विशेषतः पुण्याहून कोणी एक्सेल घेऊन येणार असेल तेव्हा.