एक मोठी, दोन छोट्या एटीव्ही न्यायच्या: पिकअप पुरेल की ट्रेलर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या फार्मस्टेवर 570 सीसीची एक मोठी एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालवायची चारचाकी बाईक) आणि 125 सीसीच्या दोन छोट्या आहेत. नऊ फुटी हौद्याची बोलेरो पिकअप दारात आहे. इगतपुरी, सापुतारा भागातल्या कॅम्पला तिन्ही न्यायला पिकअप पुरेल की ट्रेलर घ्यावा?

फेऱ्या वर्षाला चार-पाचच असतील तर ट्रेलरच्या नादी लागू नका, चौदा फुटी आयशर ट्रक भाड्याने घ्या. दर शनिवार-रविवारी न्यायच्या असतील तर दोन छोट्या पिकअपमध्ये आणि मोठी एकटी लहान ट्रेलरवर, हीच जोडणी मला सगळ्यात सुरक्षित वाटते. तिन्ही पिकअपमध्ये बसणार नाहीत. एटीव्हीला सहसा रस्त्याची नोंदणी नसते, म्हणून चालवत नेणंही नाही.

अडचण वजनाची नाही, जागेची आहे. 570 सीसी वर्गातली एटीव्ही नुसती 320 किलोच्या आसपास भरते, पेट्रोल-पाण्यासकट साडेतीनशे धरा. छोट्या शंभर-सव्वाशेच्या. म्हणजे तिन्ही मिळून सहाशेच्या आत, आणि पिकअपची क्षमता त्याच्या दुप्पट. पण मोठी सात फूट लांब, चार फूट रुंद. हौदा आतून जेमतेम साडेपाच फूट रुंद. ती पुढे, एका कडेला उभी केली की मागे दोन फूट उरतात आणि शेजारी दीड. तिथे छोटीसुद्धा मावत नाही. याउलट दोन छोट्या आडव्या लावल्या तर प्रत्येकी सव्वातीन फूट धरून साडेसहा फुटांत बसतात. तरी घरच्या टेपने हौदा आतून मोजा आणि एटीव्हीचं माप टायरच्या बाहेरच्या कडेपासून घ्या. कागदावरच्या मापात दोन इंच चुकले की सगळं गणित फसतं.

फाळका उघडा ठेवून मोठी गाडी मागे अर्धी बाहेर काढायचा मोह होईल. करू नका. मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. लोखंडी फ्रेम मारून दोन मजले करायची कल्पनाही सोडा. हौदा जमिनीपासून पावणेतीन फुटांवर, त्याच्या वर दुसरा मजला, त्यावर साडेतीनशे किलो. वळणावर सगळा भार डोक्यात जातो आणि गाडी कलते. आरसी बुकात नसलेला हा बदल आरटीओत चालत नाही तो वेगळाच.

चढवताना सगळ्यात जास्त अपघात होतात ते रॅम्प निसटून. पुढची चाकं हौद्यावर चढली की मागची चाकं रॅम्पला मागे ढकलतात, रॅम्पचं टोक फाळक्यावरून सुटतं आणि एटीव्ही चालवणाऱ्याच्या अंगावर उलटी येते. म्हणून रॅम्पचं वरचं टोक साखळीने चासीला बांधल्याशिवाय इंजिन चालू करू नका. रॅम्प आठ फुटी घ्या, चढ साधारण 20 अंशांचा राहतो; सहा फुटी घेतला तर 27 अंश होतो आणि पुढचं तोंड उचललं जातं. त्याहून सोपं म्हणजे पिकअप शेताच्या बांधाला मागून टेकवा किंवा द्राक्षाच्या पॅकहाऊसचा प्लॅटफॉर्म वापरू द्यायला सांगा. बांध आणि हौदा एका पातळीत आले की जाड फळीवरून गाडी सरळ आत जाते. छोटी सरळ आत घ्या, मग मागची बाजू दोघांनी उचलून आडवी फिरवा. मागे साठेक किलोच भार असतो.

आता बांधणी. नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि भिजली की सैल पडते. प्रत्येक गाडीला चार रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे), चार कोपऱ्यांना, तिरपे. हुक हँडलला किंवा कॅरियरला लावले तर खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, पट्टा क्षणभर ढिला होतो आणि हुक सुटतो. पुढे खालच्या आर्मला (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला) आणि मागे अॅक्सलला लावा, मागेही आर्म असतील तर तिथेही खालच्या आर्मला: चाक जागेवर राहतं, वरची बॉडी हवी तेवढी हलू दे. स्टिअरिंगच्या टाय रॉडला मात्र कधीही नाही, तो वाकतो. आडव्या लावलेल्या गाडीला ब्रेकचा धक्का बाजूने बसतो, ती कुशीवर पडू शकते. तिथे हौद्याच्या मागच्या बाजूचे पट्टे जास्त आवळा आणि फटीत जुना टायर ठोकून बसवा. कार्ब्युरेटरवाल्या छोट्यांचा पेट्रोल कॉक बंद करा, नाहीतर हिसक्यांनी पेट्रोल ओसंडतं.

ट्रेलर एका अॅक्सलचा, आठ फुटी पुरेल. स्वतःचं वजन 270 किलो धरलं तर मोठ्या एटीव्हीसह 620 होतात. कपलरवर (पिकअपच्या हुकवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर) यातले 10 ते 15 टक्के, म्हणजे 62 ते 93 किलो यायला हवेत. मोजायला कांदा तोलायचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, त्यावर पिकअपच्या हुकच्या उंचीपर्यंत येईल असा लाकडी ठोकळा ठेवा आणि त्यावर कपलर टेकवा. आकडा कमी आला तर एटीव्ही चार बोटं पुढे सरकवा, जास्त आला तर मागे. मागे भार झाला की साठच्या वेगालाच ट्रेलर शेपूट हलवू लागतो. तेव्हा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका. अॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी सरळ धरून ठेवा.

पिकअपचा हुक चासीला बोल्ट केलेला हवा, बंपरला नाही. ट्रॅक्टर ट्रॉलीसारखी पिन-हुक जोडणी नको, तिच्यात खेळ असतो आणि प्रत्येक ब्रेकला हिसका बसतो. हुकच्या बॉलवर (गोळ्यावर) आणि कपलरवर एकच माप कोरलेलं आहे ना ते बघा. दोन सुरक्षा साखळ्या ट्रेलरच्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्यांच्यावर टेकतो, डांबरात घुसत नाही.

कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे: नोंदणी, नंबर प्लेट, विमा सगळं स्वतःचं. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कुणी स्वस्तात वेल्डिंग करून देईल, पण मंजूर डिझाइनचे कागद नसतील तर आरटीओत नोंदणी होणार नाही, आणि अपघातात विमा अडेल. कागद आधी बघा, पैसे नंतर द्या.

750 किलोच्या वर ट्रेलर गेला तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच. त्याखालीही सापुताऱ्याजवळ हातगडकडचा उतार असो की इगतपुरीपुढचा कसारा घाट, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेक दाबून सोडा, धरून ठेवू नका.

निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबा. सगळे पट्टे पुन्हा आवळा आणि ट्रेलरच्या दोन्ही हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघा. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर बेअरिंगमध्ये ग्रीस नाही किंवा नट जास्त आवळलाय. तिथून पुढे जाऊ नका.