अवजारांच्या जुन्या दुकानात जाताना

पहिल्यांदाच जातोयस, तर यादी नको, काम सांग. 'पटाशी द्या' म्हटलंस तर पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, मिळेल. 'फळीत खाच पाडायची आहे' म्हटलंस, की काउंटरमागचे आजोबा आधी रुंदी विचारतील, लाकूड कुठलं ते विचारतील. लाकडाचा तुकडा सोबत नेलास तर फारच उत्तम.

नवी पटाशी हातात आली की धारेपेक्षा तिची पाठ, म्हणजे उतार नसलेली सपाट बाजू, बघ. पोलादी पट्टी आडवी ठेवून उजेडासमोर धर. टोकाजवळ फट दिसली तर दुसरी मागून घे, नाहीतर घासून घासून जीव जाईल. धारेचं काय, ती साधारण २५ अंशांवर घासलेली येते, घरी ३० अंशांवर लावून घ्यायचीच असते.

गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, घेताना तो सरळ कडेच्या फळीला टेकवून बारीक रेघ मार, मग उलटा करून त्याच जागी दुसरी मार. रेघा फाकल्या तर दिसतं ते अंतर मूळ चुकीच्या दुप्पट असतं. हे दुकानातच कर, कोणी रागावत नाही. उलट तिथून पुढे तुझ्याशी मोकळेपणाने बोलतात.

आणि गर्दीच्या वेळी जाऊ नकोस. दुपारी निवांत जा, वरच्या फळीवरचे जुने रंधे दाखवायला सांग.