अमेरिकेत काउंटी कौन्सिलवर काही सदस्य डिस्ट्रिक्टचे आणि काही ॲट-लार्ज असे का असतात? कुठली पद्धत बरी?

डिस्ट्रिक्टची, म्हणजे काउंटीचे वॉर्डसारखे भाग पाडून प्रत्येकातून एकेक सदस्य निवडायची. ॲट-लार्ज सदस्य अख्खी काउंटी मिळून निवडते. पुढच्या वेळी मत मागायला ज्याला आपल्याच गल्लीत यावं लागतं, तोच आपला फोन उचलतो.

मी मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत राहते, उत्तरेला क्लार्क्सबर्गमध्ये. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, आणि ही दहा लाखांवर वस्तीची. 2022 पर्यंत इथल्या कौन्सिलवर नऊ जण होते, पाच डिस्ट्रिक्टचे आणि चार ॲट-लार्ज, सगळ्या काउंटीने मिळून निवडलेले. इथे डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे त्या पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच. 2018 च्या प्रायमरीत त्या चार जागांना 33 उमेदवार उभे होते. एवढ्यांची माहिती कोण वाचत बसतं? लोक ओळखीच्या नावांवर शिक्का मारून मोकळे. निवडून आलेले चौघेही दक्षिणेकडचे, बेल्टवेच्या, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीच्या रिंगरोडच्या आसपास राहणारे. माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. पण क्लार्क्सबर्गचा मास्टर प्लॅन, म्हणजे विकास आराखडा, 1994 चा. घरं बांधून झाली, माणसं राहायला आली आणि मिडकाउंटी हायवेचा इकडे यायचा टप्पा मात्र नकाशावरच राहिला. शेडी ग्रोव्हहून येणारा ट्रान्झिटवे, म्हणजे जलद बसमार्ग, तोही तसाच. 270 महामार्गावर सकाळी अडकलेल्या माणसाला विचारा, त्याचे प्रतिनिधी किती. पाच म्हणून सांगेल, एक डिस्ट्रिक्टचा आणि चार ॲट-लार्ज, आणि त्यातल्या एकाचं नाव आठवलं तरी पुष्कळ.

2020 मध्ये सह्या गोळा करून लोकांनी सार्वमतासाठी प्रश्न 'डी' मतपत्रिकेवर आणला: नऊच्या नऊ जागा डिस्ट्रिक्टच्या करा. त्यावर कौन्सिलने स्वतःचा प्रश्न 'सी' शेजारी ठेवून दिला: जागा अकरा करा, सात डिस्ट्रिक्टच्या, पण ॲट-लार्ज चार तशाच.

त्या वर्षी दसऱ्याला आमचे धाकटे दीर काउंटीच्या दक्षिणेतल्या बेथेस्डाहून आले होते. कोविडमुळे मागच्या अंगणात लांब लांब खुर्च्या मांडलेल्या, मधल्या टेबलावर श्रीखंड-पुरी आणि आम्हा दोघांच्या टपालाने आलेल्या मतपत्रिका. मी 'डी'चं गोल काळं करताना पाहून ते म्हणाले, "वहिनी, हातातली पाच मतं सोडून एक घ्यायला निघालात?" चमचा ठेवून त्यांनी लिफाफ्याच्या मागे 5/9 लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. नऊपैकी पाच मीच निवडते, म्हणजे बहुमत माझ्या हातात, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, भावजी, ही पाच मतं म्हणजे लग्नाच्या पंगतीतला आग्रह, वाढणारे पुष्कळ आणि पान रिकामंच. ते हसले. यांनी नेहमीप्रमाणे पाणी आणायचं निमित्त काढून आत पळ काढला. 'सी' पास झाला, 'डी' पडला, आणि दिवाळीला मला त्यावरून पुन्हा ऐकावं लागलं.

आता तुमचा 'का'. ॲट-लार्जच्या बाजूने सांगतात ते असं की कोणीतरी अख्ख्या काउंटीचा विचार करायला हवा. ऐकायला छान. पण दक्षिणेतल्या राज्यांत हीच पद्धत कृष्णवर्णीयांची मतं बहुसंख्यांच्या मतांत बुडवायला बिनदिक्कत वापरली गेली. 1965 च्या मतदान हक्क कायद्याच्या आधारे लोक कोर्टात गेले, म्हणून कितीतरी ठिकाणी डिस्ट्रिक्ट आले.

डिस्ट्रिक्ट म्हणजे रामराज्य नव्हे, हेही सांगून टाकते. मेरीलँडमधल्याच बाल्टिमोर काउंटीत सगळे सदस्य डिस्ट्रिक्टचेच, आणि तिथे झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं यात, ज्याचा डिस्ट्रिक्ट त्याचा शब्द, बाकीचे मान डोलावतात. ती छोटी जहागीरच झाली. 'डी'च्या मागे बिल्डर मंडळींचा पैसा होता, हेही खरं. आणि पुण्यात 2017 ला आलेल्या चार सदस्यांच्या प्रभागाशी याची तुलना करू नका. तिथे अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा असतात आणि प्रभाग चालत फिरण्याएवढा. इथे एकाच यादीतून चार नावं निवडायची आणि काउंटी पार करायला गाडीने तास जातो.

तुमच्या काउंटीत असा प्रश्न मतपत्रिकेवर आला तर आधी एवढंच बघा, की आत्ताचे ॲट-लार्ज सदस्य राहतात कुठे.

आणि भावजी, वाचत असाल तर: तुम्ही 'सी'ला मत दिलंत, जागा अकरा झाल्या, तुमची मतं पाचच राहिली. लिफाफ्यावर आता 5/11 लिहा आणि त्यातलं बहुमत मला दाखवा.