काटा घाटातच का चढतो?

प्रश्न : माझी 2014 ची पेट्रोल गाडी गावात नीट चालते. पण बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट लागला, की तापमानाचा काटा लाल रेषेपर्यंत जातो. दर आठ-दहा दिवसांनी रेडिएटरच्या बाटलीत बोअरचं पाणी घालते. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : ताई, इतक्यात खोलू नका. गावातल्या गर्दीत काटा जागेवर राहतो, म्हणजे पंखा फिरतोय. घाटात इंजिनावर जोर येतो आणि तेवढी उष्णता रेडिएटरला, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला, बाहेर टाकता येत नाही. माझा पहिला संशय तुमच्या बोअरच्या पाण्यावर आहे.

लातुरात गॅरेज चालवताना मी हे फार पाहिलंय. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांत जे मिळेल ते पाणी लोकांनी गाडीत ओतलं. पुढं एक रेडिएटर कापून पाहिला. घरातल्या हीटरच्या रॉडवर पांढरी खपली धरते ना, तशीच क्षारांची खपली प्रत्येक नळीच्या तोंडाशी होती. काही नळ्यांत सुईसुद्धा जाईना. त्या मालकानं आधी दुसरीकडं इंजिनाचं काम करून घेतलं होतं. त्याचे पैसे गेले, गाडी तापायची थांबली नाही. मला ते अजून टोचतं.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिन आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील करणारी पट्टी. तिची शंका आधी फेडून घ्या. सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढा आणि गाडी चालू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण गाडी तापू लागल्यावरही ते थांबत नसतील, ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर हटत नसेल, तर गॅरेजवाले बरोबर आहेत. यातलं काही नसेल, तर हातपंपानं रेडिएटरमध्ये दाब भरून प्रेशर टेस्ट करायला सांगा. गळती तिथंच सापडते. रेडिएटरचं झाकणही तपासा. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. स्प्रिंग ढिली झाली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर जातं. झाकण स्वस्त आहे, तरी सगळ्यात शेवटी आठवतं.

मग गाडी तापवून बंद करा, चावी काढा. बंद गाडीतही पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून बोटं पात्यांपासून लांब ठेवा. रेडिएटरच्या जाळीवर हात जवळ नेऊन पाहा. मध्येच गार पट्टे लागले, तर नळ्या बुजल्यात. तुमच्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतील. जुन्या तांब्याच्या रेडिएटरसारखी त्यात सळई घालून सफाई होत नाही. तो बदला, सोबत थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, तीही बदला. आणि कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरा, बोअरचं पाणी परत नको.

तोवर घाटात काटा हलला, की एसी बंद करा, गाडीचा हीटर पूर्ण चालू करा (तो इंजिनाची उष्णता आत ओढतो), काचा खाली घ्या. तरी उतरला नाही, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. तापल्या इंजिनावर रेडिएटरचं झाकण तासभर उघडू नका. असंच तापवत राहिलात, तर हेड वाकेल आणि गॅस्केट खरंच जाईल.

काम झाल्यावर हीटर चालू ठेवून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी उभी चालवा, म्हणजे हवा निघते. दुसऱ्या सकाळी बाटलीतली पातळी बघा. उतरली असेल तर मला परत लिहा.